स्कोपमधला डाग

आमच्या घरातली एअर रायफल लोखंडी कपाटाच्या तळाशी आडवी पडलेली असते. जुन्या वेष्टीच्या, म्हणजे इथल्या धोतराच्या, तुकड्यात गुंडाळलेली, शेजारी ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या. चेन्नईत लोखंड असंच सांभाळावं लागतं. इथल्या हवेत समुद्र आहे आणि माणसाच्या हाताला कायम घाम. नळीला हात लावून ती न पुसता ठेवली, तर काही दिवसांत बोटाचा ठसा गंजून वर येतो. मी तो येऊ देत नाही. ओरगडमला ट्रकचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. दुसऱ्यांच्या कामातले दोष काढण्याचा पगार घेता घेता माणसाचा स्वभावच तसा होतो. घरातल्या कुठल्याही वस्तूत दोष राहिला की मला चैन पडत नाही.

रायफल अजून ठणठणीत आहे. तिच्यावरच्या दुर्बिणीची, म्हणजे स्कोपची, काचही स्वच्छ आहे. ज्यांच्यासाठी ती घेतली त्या माझ्या सासऱ्यांचा उजवा डोळा मात्र गेला. तो जातो आहे हे आम्हाला सगळ्यात आधी त्या रायफलने सांगितलं होतं. आम्ही ऐकलं, आणि दोष तिच्यातच शोधत बसलो. त्याची हळहळ अजून कमी होत नाही.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणते. माझ्या माहेरी साताऱ्याला हा शब्द कधीच मागे पडला, पण वेस्ट मांबलमच्या आमच्या फ्लॅटमध्ये तो रोजचा आहे. सासूबाई म्हणजे आत्याबाई. ही तंजावरकडची मराठी माणसं. कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आली आणि येताना आणलेले शब्द त्यांनी टाकले नाहीत. 'सगळं'ला ती 'असकं' म्हणतात, मध्ये तमिळ पेरतात, आणि बोलण्याचा हेल तर पूर्ण तमिळच. लग्न होऊन आले तेव्हा त्यांचं बोलणं मला नीट कळत नसे आणि माझं बोलणं त्यांना फटकळ वाटे. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो माझ्याशी इंग्रजीत भांडतो, त्यामुळे त्याचा प्रश्न नव्हता.

मामंजी गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. हात अतिशय नेमका, आणि स्वभाव त्या हाताच्या अगदी उलट, मऊ. आमटीत मीठ जास्त पडलं तर ते मुकाट्याने भात जास्त घेतील. सुनेने केलेल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचं एकच उत्तर असे, "बरं झालं मा." यातलं 'मा' तमिळ, लाडाचं. फिल्टर कॉफी पांचट झाली तरी बरं झालं, मी त्यांच्या शर्टाला इस्त्रीचा डाग पाडला तरी बरं झालं. माझे वडील म्हणजे दुसरं टोक. चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच त्यांचं नाक मुरडलेलं असतं. आम्हा बापलेकीचं बोलणं भांडल्याशिवाय संपलेलं मला आठवत नाही. त्यामुळे सासरी असा माणूस मिळाला म्हणून मी मैत्रिणींना फोनवर कौतुकाने सांगत असे.

पण खरं सांगायचं तर आम्हा दोघांना बोलायला विषयच नव्हता. निवृत्त झाल्यावर ते सकाळी मांबलम स्टेशनपर्यंत फेरी मारत, पेपर वाचत, आणि मग संध्याकाळ व्हायची वाट बघत. मी घरात आले की खुर्चीवरून अर्धवट उठत, मी बसले की बसत. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हा एका रविवारी मी जवळच्याच एका इमारतीत वरच्या मजल्यावर चालणारी दहा मीटरची शूटिंग रेंज बघायला निघाले. कॉलेजात एनसीसीत असताना मी बऱ्यापैकी नेम धरायची, हात शिवशिवत होते. मामंजी सोबत म्हणून आले. तिथल्या माणसाने त्यांच्याही हातात क्लबची रायफल दिली. त्यांनी ती खांद्याला लावायच्या आधी उलटीपालटी करून स्क्रू बघितले, ट्रिगरच्या मागे बोट फिरवलं, आणि माझ्याकडे बघून हसले. तसं हसताना मी त्यांना घरात कधी बघितलं नव्हतं.

मग आमची स्वतःची रायफल घ्यायची ठरली. तो शोध किती दिवस चालला कोण जाणे, पण माझ्या सासरच्या आयुष्यातले ते सगळ्यात गमतीचे दिवस होते. जेवणाच्या टेबलावर आम्ही रायफलींवर बोलायचो आणि आत्याबाई कपाळाला हात लावायच्या. हवेचा सिलिंडर भरून चालणारी घ्यावी असं माझं म्हणणं. तिला धक्का नसतो, नेम सुखाने लागतो. मामंजींना स्प्रिंगची हवी होती. त्यांचं म्हणणं, सिलिंडर भरायला पंप हवा, पंपाला वायसर, वायसर गेला की दुकानदाराच्या पाया पडा. स्प्रिंग उघडून बसवता येते, हाताला कळते. दुकानात त्यांनी नळी सांध्यात वाकवून स्प्रिंग ताणली, परत जागेवर आणली, आणि खटका बसल्याचा आवाज कान देऊन ऐकला. एका रायफलीला नळीच्या सांध्यात किंचित खेळ होता. त्यांनी ती काही न बोलता बाजूला ठेवली. दुकानदार तिचे गुण सांगत राहिला आणि मामंजी मान हलवत राहिले. नाही म्हणायचंच नसे त्यांना, बाजूला ठेवायचं फक्त.

स्कोप मात्र मी घ्यायला लावला. नळीच्या टोकावरच्या साध्या माशीने नेम धरायचा तर मागची खाच, पुढची माशी आणि लांबचं नेमाचं कार्ड या तिन्हींवर डोळ्याला एकदम काम करावं लागतं. मामंजींचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आत बसवलेलं भिंग तेवढी लवचीकता कुठून आणणार. स्कोपमध्ये आतली नेमाची फुली आणि कार्ड एकाच ठिकाणी दिसतं. दुकानदाराने बजावलं होतं की स्प्रिंगची रायफल साधा स्कोप खाते. साधी बंदूक मागे ढकलते, स्प्रिंगची मागे ढकलून लगेच पुढेही झटका देते, आणि त्या पुढच्या झटक्याने आतली भिंगं हलतात. तरी पहिला स्कोप आम्ही साधाच घेतला. हौस किती टिकते ते बघू, असा मध्यमवर्गीय विचार.

हौस टिकली. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं रेंजवर जायचो. तिथे मामंजी वेगळेच दिसत. रायफल घट्ट आवळायची नाही हे त्यांना एकदाच सांगावं लागलं. स्प्रिंगच्या रायफलीला तिच्या मनासारखं हलू द्यावं लागतं, पुढचा हात नुसता आधाराला. गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकवायचा, श्वास अर्धा सोडून थांबायचं, ट्रिगर ओढायचा नाही, दाबत न्यायचा. छर्रे ते डबीतून एकेक काढून उजेडात धरून बघत. कड वाकडी असलेला छर्रा वेगळ्या डबीत जाई. कार्डावर भोकं एकमेकांत मिसळली की ते कार्ड घरी आणून आत्याबाईंना दाखवत. त्या म्हणत, "इतकं चांगलं कागद फाडून आणलं."

सांभाळण्यावरून मात्र आमचे मतभेद झाले, आणि त्यात त्यांनी कौल मला दिला. टूलरूमचा माणूस जिथे लोखंड दिसेल तिथे तेल सोडतो. त्यांना नळीच्या मागच्या भोकात तेलाचे थेंब टाकायचे होते. मी म्हटलं, बाहेरून पुसा, सांध्याला द्या, पण आत नको. पिस्टनच्या पुढे तेल गेलं की दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते आत पेटतं, बार मोठा होतो, धूर येतो आणि वायसर करपतो. त्यांनी तेलाची कुपी खाली ठेवली. "सेरी. तू सांगटलीस, बरं झालं मा." मी जिंकले म्हणून खूश झाले.

त्या वर्षीची खंडेनवमी आली. इथे सगळं गाव त्याला आयुधपूजा म्हणतं. रिक्षांना केळीचे खांब, बसच्या काचांवर गंधाची बोटं, दुकानांच्या दारात फोडलेले कोहळे. आमच्या घरात आत्याबाई आदल्या दिवशीपासून हत्यारं गोळा करतात. सुऱ्या, कात्री, खोबऱ्याची खवणी, मिक्सर, नवऱ्याचा लॅपटॉप, स्कूटरची किल्ली, असकं देवासमोर. माझं व्हर्नियर कॅलिपरही त्यांनी नेलं आणि त्याच्या जबड्यात गंध भरलं तेव्हा ते दुसऱ्या दिवशी पुसायचं मी मनात ठरवलं. त्या वर्षी रायफल पाटावर मधोमध होती. त्यांनी नळीला गंधाची बोटं ओढली, दस्त्याला कुंकू लावलं, आणि स्कोपच्या पुढच्या काचेवर बरोबर मध्यभागी चंदनाचा ठिपका दिला.

"काचेला नको हो आत्याबाई," मी म्हटलं.

"ते तिचं डोळा न?" त्या म्हणाल्या. "डोळ्याला नाही तर कशाला लावू?"

पूजेच्या हत्याराला त्या दिवशी हात लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला ते उचलायचं. मी रायफल उचलली, गंध पुसलं, आणि पुढच्या रविवारी आम्ही रेंजवर गेलो. मामंजींनी स्कोपला डोळा लावला आणि लगेच काढला.

"मा, मध्ये डाग दिसते," ते म्हणाले.

पुसताना राहिलेलं गंधच, दुसरं काय. मी पर्समधून मऊ कापड काढलं, काचेवर वाफ सोडली आणि कडेपासून मध्यापर्यंत गोल गोल पुसलं. मग मागची काच पुसली. स्वतः डोळा लावून बघितलं. लख्ख. काळा गोल, त्यावर फुली. मी रायफल त्यांच्या हातात दिली. त्यांनी परत डोळा लावला, थोडा वेळ बघितलं, आणि म्हणाले, "बरं झालं मा."

काचेवर पडलेला डाग नेम धरताना डाग म्हणून दिसत नाही. तो डोळ्याच्या इतका जवळ किंवा फुलीपासून इतका लांब असतो की त्याचा आकार उरतच नाही, सगळं चित्र थोडं धुरकट होतं एवढंच. हे मला माहीत होतं. कारखान्यात भिंगाखाली भाग तपासण्यात माझा दिवस जातो, त्या भिंगावर बोट लागलं तर काय होतं हे मी नव्या मुलींना शिकवते. पण त्या काचेला चंदनाचा ठिपका लागलेला होता, मी स्वतः तो पडताना बघितला होता, आणि मामंजींनी डाग म्हटलं होतं. दोन्हींची जोडी इतकी नीट जुळली की पुढे विचार करायची गरजच वाटली नाही.

त्यानंतर छर्रे सरकू लागले. भोकं जवळजवळच पडायची, पण गोलाच्या डावीकडे. मी स्कोपवरची चकती फिरवून ती मध्यावर आणली. पुढच्या आठवड्यात परत डावीकडे, थोडी खालीही. मी परत फिरवली. स्कोपच्या कड्यांचे स्क्रू तपासले, दस्त्याचे आवळले. वायसर बघायला रायफल उघडली, मामंजींनी आणि मी मिळून, आत्याबाईंच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर. सगळं ठीक होतं. एकदा मी रेंजवर त्यांच्या शेजारी उभी राहून बघत होते, तेव्हा कळलं की ते गाल पूर्वीच्या जागी टेकवत नाहीत. मान किंचित कलती आणि डोळा काचेच्या मध्याच्या बाजूला.

"मामंजी, डोळा मधोमध हवा," मी म्हटलं. साध्या स्कोपचं मोजमाप लांबच्या अंतरासाठी बसवलेलं असतं. दहा मीटरवर डोळा मध्यापासून सरकला की फुली एकीकडे दिसते आणि छर्रा दुसरीकडे जातो. मी त्यांना हे कागदावर काढून समजावलं. त्यांनी मन लावून ऐकलं, गाल जागेवर आणला, आणि तो छर्रा कार्डालाच लागला नाही. मग ते हळूच पुन्हा बाजूला सरकले. म्हातारपणाची सवय, मी मनात म्हटलं.

मधोमध त्यांना काही दिसतच नव्हतं. मध्यावर एक करडा डाग होता आणि तो जिकडे बघावं तिकडे येत होता. डोळा थोडा बाजूला नेला तर कडेने गोल दिसे. एवढ्या भांडवलावर तो माणूस भोकं एकमेकांशेजारी पाडत होता. आज त्याचं कौतुक करायलाही जीव होत नाही.

एकदा, बहुधा पोंगलनंतर, त्यांनी पुन्हा विषय काढला. "तो डाग परत आल्यासारखं वाटते मा. गंध आत गेलं की काय." मी स्कोप उजेडात धरला. इथल्या दमट हवेत भिंगांच्या आत बुरशी धरते, कॅमेरेवाले नेहमी रडत असतात. मला कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं नाही, पण दिसलं नाही म्हणजे नाहीच असं थोडंच. शिवाय स्प्रिंगची रायफल साधा स्कोप खाते हे दुकानदाराने सांगितलंच होतं. सरकणारे छर्रे, आतला डाग, सगळ्याला मिळून एक कारण सापडलं. मी क्वालिटीवाली, एका कारणात सगळे दोष बसले की आम्हाला फार बरं वाटतं.

मी त्यांच्या वाढदिवसाला नवा स्कोप आणला. स्प्रिंगच्या रायफलीसाठीच बनवलेला, दोन्हीकडचे झटके सोसणारा. त्याच्या पुढच्या काचेभोवती अंतर बसवायची कडी होती. ती दहा मीटरवर आणली की डोळा थोडा इकडेतिकडे असला तरी फुली जागा सोडत नाही. डोळ्याची चूक ती कडी पोटात घालते. पहिल्याच रविवारी मामंजींची भोकं गोलाच्या आत आली. डाग गेला का, असं मी विचारलं. त्यांनी कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"असकं बरं झालं मा," ते म्हणाले.

ते कार्ड मी फ्रिजवर लावलं. माझ्या वडिलांना फोटो पाठवला. त्यांनी उत्तर दिलं की एक भोक बाहेर दिसतंय. त्या आनंदात पुढचे किती महिने गेले आणि त्या महिन्यांत डोळ्याच्या आत काय चाललं होतं, हे आता मनात आणलं की मला त्या स्कोपचा राग येतो. वाईट स्कोपने निदान चुगली तरी केली होती. मी चांगला आणून रायफलीचं तोंड बंद केलं.

घरात कोणालाच काही कळत नव्हतं, कारण दोन्ही डोळे उघडे असले की डावा उजव्याचं काम करून टाकतो. पेपर वाचता येतो, जिना उतरता येतो, भाजी निवडता येते. मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतंच, त्यामुळे डोळ्यांचं काम एकदाचं उरकलं असं सगळ्यांनी धरलेलं. एक डोळा मिटून दुसऱ्याने एकट्याने बघायची वेळ त्यांच्यावर फक्त रेंजवर येत होती.

मग शहरात डोळ्यांची साथ आली. तिला इथे मद्रास आय म्हणतात. नेहमीप्रमाणे नवऱ्याने ती ऑफिसातून आणली आणि मामंजींना दिली. त्यांना फक्त डाव्या डोळ्याला झाली. सकाळी तो डोळा चिकटून बंद. मी कॉफीचा डबरा, म्हणजे पेल्याखालची पसरट वाटी, घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी हात पुढे केला आणि तो मध्येच थांबला.

"मा," ते म्हणाले, "तुझं तोंड कुठे गेलं?"

मला वाटलं गंमत करताहेत. ते गंमत करणारे नव्हेत. त्यांना माझी साडी दिसत होती, केस दिसत होते, दाराची चौकट दिसत होती. चेहऱ्याच्या जागी डाग होता.

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी पडद्याचे फोटो काढले आणि दाखवले. बघण्याचा जो मधला भाग, तिथे नको त्या रक्तवाहिन्या वाढल्या होत्या, त्यांतून पाझर झाला होता आणि आता तिथे व्रण धरला होता. सुरुवातीला आला असतात तर इंजेक्शनांनी बरंच वाचवता आलं असतं, त्या म्हणाल्या. व्रणावर उपाय नाही. डावा डोळा सध्या चांगला आहे, पण त्याच्यावर लक्ष ठेवा.

"मध्ये डाग कधीपासून दिसतोय?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

मामंजींनी शांतपणे सांगितलं, "आयुधपूजेपासून." कुठल्या वर्षीची, तेही सांगितलं. डॉक्टरीण बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या प्लास्टिकच्या डोळ्याकडे बघत राहिले.

मी कारखान्यात त्या आठवड्यात दोन माणसांना विनाकारण फैलावर घेतलं. घरी आत्याबाई रडल्या. चंदनाने डोळा गेला असं त्यांनी मनाशी घेतलं आणि काही केल्या ते निघेना. मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं की चंदनाचा काही संबंध नाही. पण संबंध नाही असंही मला म्हणवत नव्हतं. तो ठिपका नसता तर मामंजींनी डाग म्हटल्यावर मी विचारलं असतं, कसला डाग, काच तर स्वच्छ आहे. आणि समजा माझ्या वडिलांना तो दिसला असता, तर पुसून झाल्यावर त्यांनी माझ्या अंगावर खेकसून सांगितलं असतं की काय पुसलंस, तसाच आहे. मी म्हटलं असतं, तुमचेच डोळे बघा जाऊन. आणि आमच्या त्या भांडणात डोळा वाचला असता. हे गणित मी किती वेळा मांडलं असेल.

दवाखान्यातून एक चौकड्यांचा कागद मिळाला होता, मध्ये टिंब. एक डोळा झाकून टिंबाकडे बघायचं आणि रेघा वाकड्या दिसल्या तर सांगायचं. तो मी फ्रिजवर त्या जुन्या कार्डाच्या शेजारी लावला. मामंजी रोज सकाळी डाव्या डोळ्याने त्यासमोर उभे राहतात. मी विचारते, सरळ? ते म्हणतात, सरळ. त्या 'सरळ'वर माझा विश्वास बसत नसे. ज्या माणसाने आयुष्यात कोणाला मीठ जास्त झालं म्हणून सांगितलं नाही, तो रेघ वाकडी आहे म्हणून सांगेल का, ही माझी रोजची धास्ती.

रायफल मी देऊन टाकणार होते. त्यांनीच नको म्हटलं. आता डाव्या खांद्याला लावून बघतो, म्हणाले. या वयात उजव्या हाताच्या माणसाने डाव्या खांद्याला रायफल लावणं म्हणजे सही डाव्या हाताने करायला शिकणं. गाल कुठे ठेवावा कळत नाही, ट्रिगरवरचं बोट अडाणी. पण ते शिकले. भोकं पूर्वीसारखी मिसळत नाहीत, कार्डावर पसरतात. मी फिरवायच्या चकत्यांना हात लावत नाही. लागतील तिथे लागू देत.

या वर्षीच्या खंडेनवमीला आत्याबाईंनी रायफलीला गंध लावलं, स्कोपच्या काचेला लावलं नाही. तिथे हात आणून मागे घेतला. दसऱ्याच्या दिवशी इथे नव्या विद्येचा आरंभ करतात, म्हणून रेंज उघडी होती आणि नव्या मुलांची गर्दी होती. आम्ही कडेची लेन घेतली. मामंजींनी डावा डोळा स्कोपला लावला. रायफल रिकामीच होती. त्यांनी मान वर केली.

"मध्ये डाग दिसते," ते म्हणाले.

काचेला कोणी बोटही लावलेलं नव्हतं, आणि लावलं असतं तरी डाग दिसला नसता, हे मला आता चांगलंच ठाऊक होतं. तरीही मी कापड काढलं. वाफ सोडली. पुसलं, पुढची काच, मागची काच. डोळा लावून बघितलं. काळा गोल, त्यावर फुली, लख्ख. मी रायफल त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि उभी राहिले. त्यांनी डोळा लावला. पलीकडच्या लेनमधून छर्रे पत्र्यावर आपटत होते. मी ते ओळखीचे शब्द ऐकायला तयार होऊन उभी होते.

"नाही मा," ते म्हणाले. "तस्साच आहे. तू पुसून काही झालं नाही."

रायफल रेंजवरच सोडून आम्ही रिक्षाने निघालो. रस्त्यात फुटलेले कोहळे पडलेले, रिक्षावाला ते चुकवत चालला होता. सणाचा दिवस असूनही दवाखान्याचा तातडीचा विभाग चालू होता. फोटो निघाले. पाझर सुरू झाला होता, पण नुकताच. डॉक्टरीण बाईंनी त्याच दुपारी इंजेक्शन दिलं. वेळेवर आणलंत, त्या म्हणाल्या, आता हे काही महिने चालू ठेवू.

नंतर आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. त्यांच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. उजव्याने मला बघायचं म्हणून ते मान कलती करत होते, रेंजवर करायचे तशीच, म्हणजे कडेने तरी मी दिसेन.

"त्या वर्षी पण तस्साच होता," ते म्हणाले. "पहिल्यांदा पुसलीस, तेव्हाच. मग नवा स्कोप आणलीस, त्यात पण."

"मग सांगायचं होतं ना," मी ओरडले. सगळं बाक माझ्याकडे वळलं. मामंजींवर मी आयुष्यात पहिल्यांदाच आवाज चढवला होता, आणि मला तो आवरतही नव्हता. "एकदा तरी म्हणायचं होतं, की तसाच आहे."

ते हसले. मान आणखी थोडी कलती करून त्यांनी माझा चेहरा शोधला.

"किती मन लावून पुसत होतीस," ते म्हणाले. "मला म्हणाय झालं नाही. तेव्हा तू घरात नवी होतीस मा."